बाकावरची पाटी

तीर्थरूप काका,

तुम्हाला नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्यालाही. आता तो जिना चढू देतो का? (काकूंना विचारणार होते, पण त्या खरं सांगतात.) आम्ही बरे आहोत. बाबा गेल्यावर घर शांत झालं म्हणावं, तर ते घरात बोलायचे कुठे?

माजी विद्यार्थी शाळेच्या व्हरांड्यात बाबांच्या नावाने बाक ठेवताहेत, हे तुम्हाला कळलंच आहे. इंग्रजीचे सर, म्हणून पाटीही इंग्रजीत. त्यात बाबांच्या 'टीचिंग्ज अँड स्कोल्डिंग्ज'बद्दल आभार, हा मजकूर माझा. मुख्याध्यापिका बाई (त्याही बाबांच्याच हाताखाली शिकलेल्या) बैठकीत म्हणाल्या, "टीचिंग्ज ठीक. पण स्कोल्डिंगचं अनेकवचन कोण करतं?" तशी दातांचे डॉक्टर उठले. "बाई, मला बसली ती वेगळी आणि या वकिलाला बसली ती वेगळी. एक कशी धरता?" वकील म्हणाला, "माझी लांब होती. आणि मराठीतही माणूस बोलणी खातो. एक बोलणं खाऊन कुणाचं पोट भरलंय?" मग जो तो आपापली बोलणी पुराव्यादाखल सांगू लागला, तीही बाबांच्या आवाजात. बेकरीवाला म्हणाला, "इतकं लक्ष देऊन मला पुन्हा कुणी झापलं नाही." शेवटी बाईंनाही निबंधावरून खाल्लेली आठवली, आणि अनेकवचन राहिलं. मागच्या खुर्चीत बसून मी ऐकत होते. एवढी ताठ मी एरवी बसत नाही.

तेवढ्यात डॉक्टर वळून म्हणाले, "ताई, तुमची सांगा." (चार लोकांत मी उभी राहिले की माझे शब्द खाली बसतात, हे तुम्ही जाणताच.) म्हटलं, "मला एकही नाही. सगळी शाळेतच संपवून यायचे." सगळे हसले. मीही हसले.

पाटी कोरून झाली. पितळी आहे, झकास दिसते.

तुमची पुतणी,
मुकी

ता. क. रविवारी बाकाच्या समारंभाला येणार नाही म्हणालात, ते समजू शकते. सख्ख्या थोरल्या भावाच्या वर्गात सगळ्यांत जास्त बोलणी तुम्ही खाल्लीत. त्या व्हरांड्याकडे पाय वळत नसतील.

ता. क. दुसरा: मात्र पाटीवरचा पडदा तुम्हीच सारणार आहात. तुम्हाला न विचारता तसं पत्रिकेत छापलं, आणि पत्रिका वाटूनही झाल्या. त्याबद्दल तुम्हाला मला जे बोलायचं असेल ते फोनवर नको, त्या बाकावर शेजारी बसून बोला. मला रागावू शकेल असं आता तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. सवय नाही, तेव्हा एकापासूनच सुरुवात करा.