न ओलांडलेल्या ओघळाबाबत

प्रति,
मा. श्री. प्रबोध साने,
पदभ्रमण प्रमुख, सह्यमित्र मंडळ,
सेरंगून, सिंगापूर.

विषय : पात्रता फेरी पूर्ण धरून डिसेंबरच्या किनाबालू शिखर चढाईच्या गटात नाव घेण्याबाबत.
संदर्भ : आपला दि. २३ सप्टेंबरचा ग्रुपवरील संदेश, “फेरी अपूर्ण. क्षमस्व.”

महोदय,

रविवार, दि. २२ सप्टेंबर रोजी मलेशियातील जोहोरमधील नदीखोऱ्यात पायवाटेच्या सुरुवातीस पुढीलप्रमाणे हजेरी होती : माणसे अकरा, टोप्या नऊ, काठ्या सहा, जीपीएसची घड्याळे चार आणि मीनलकाकूंची थालीपिठे चव्वेचाळीस. थालीपिठे बसमध्येच ठेवली, कारण ९.४ किलोमीटरची ही वाट फिरून बसपाशीच येते.

१. पहिले नऊ किलोमीटर तक्रारीला जागा नाही. नदी डावीकडे, टेकडी उजवीकडे, वर ऊन. दोन धनेश पक्षी आणि माकडांची एक टोळी दिसली. काकू चक्क गात होत्या.

२. नवव्या किलोमीटरला एक ओघळ वाटेला आडवा आला. पलीकडे आमची बस दिसत होती. रवींद्रकाकांनी हात वर करून सर्वांना थांबवले. टेकडीवर मळ्यातल्या कामगारांनी बांधलेले महादेवाचे देऊळ आहे आणि त्याच्या गोमुखातले पाणी याच ओघळाने नदीला जाते, हे त्यांनी दाखवून दिले. आपण जाणताच की महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. पाण्याची धार न ओलांडता उलटे फिरतात. वाट देवळाला वळसा घालते, म्हणजे सकाळपासून आपण प्रदक्षिणाच घालतो आहोत, असा काकांचा निष्कर्ष होता. मी विज्ञानाची पदवीधर आहे. गृहीतक मान्य केल्यास युक्तिवादात मला चूक सापडली नाही.

३. यावरील उद्गार नोंदवणे आवश्यक वाटते.
अदिती (इथेच वाढलेली, वाक्याला सिंगापुरी ‘ला’ जोडणारी) : “काका, इट्स अ ड्रेन, ला!”
सौमित्र : “काका, बस दिसतेय हो. मला थालीपिठांचा वास येतोय.”
काका : “येऊ दे की. पळून जाणारेत का ती?”

४. गटातील कोणीही वेगळे होऊ नये, हा आपलाच नियम क्र. ७. त्यामुळे अकराही जण उलटे फिरलो. नऊ किलोमीटर मागे. मग सुरुवातीपासून, थालीपिठांना ओलांडून, पलीकडच्या बाजूने चारशे मीटर चालून ओघळाच्या दुसऱ्या काठाला नमस्कार केला आणि बसपाशी परतलो. तोवर हसून हसून कोणालाच धड चालता येत नव्हते. तीच माकडे पुन्हा भेटली, तेव्हा सौमित्रने त्यांना “अजून इथेच?” असे विचारले. सिंगापुरात आल्यापासून मी इतकी हसले नव्हते.

५. बसमध्ये थालीपीठ वाढताना काकू सहज म्हणाल्या, “ओघळावर गवताची काडी टाकली की ओलांडता येतं. माझी आई तसंच करायची.” काका म्हणाले, “अगं, मग तेव्हा का नाही बोललीस?” काकू : “विचारलंत कुणी? तुम्ही हात वर केलात, सगळे वळले. शिवाय मला गाणं पूर्ण करायचं होतं.”

६. महोदय, आपण ज्या वाटेला अपूर्ण म्हणता, तिचा जवळजवळ प्रत्येक मीटर मी दोनदा चालले आहे. घड्याळातल्या नकाशावर वर्तुळाला एक फट दिसते, हे खरे. ती नाकारत नाही. परंतु फेरीचे मोजमाप चाललेल्या अंतरावर व्हावे, फटीवर नव्हे.

७. माझा एम्प्लॉयमेंट पास मार्चमध्ये संपतो. बुकित पंजांगची खोली सोडून मी पुण्याला परतेन. पुढच्या वर्षीच्या चढाईला मी इथे नसेन. किनाबालू मला याच दहा जणांबरोबर चढायचा आहे, काकांसकट. वाटेत महादेव लागला तर गवताची काडी मी बरोबर घेईन.

८. तरी शेरा रद्द करून या दहा जणांसह माझे नाव गटात घ्यावे. फटीचा आकार नेमका कळावा म्हणून गेल्या शनिवारी मी पुन्हा तिथे गेले आणि काकांचा मान राखून एकाच काठावर बसून टेप लावली. निष्कर्ष सोबत जोडला आहे.

आपली नम्र आणि अद्याप पाय दुखत असलेली,

वल्लरी केतकर
बुकित पंजांग, दि. ३० सप्टेंबर २०२४

सोबत :
१. चारही घड्याळांतील नकाशे.
२. मीनलकाकूंचे सहीनिशी निवेदन (काडीबाबत).
३. ओघळाची रुंदी, तीन ठिकाणी मोजून सरासरी : ३८ सेंटिमीटर.