चौकोनातली आगाऊ बाई

प्रिय धाकट्यास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझ्या बायकोला दे, आणि या वेळी खरंच दे, कारण मागच्या पत्रातले तिला मिळालेच नाहीत असं ती मला स्वतः म्हणाली. तुझी पाठ कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतोस, की नुसताच त्यांच्याबद्दल बोलतोस? मी सुखरूप पोचले आहे. सामानही सगळं पोचलं (एक चप्पल सोडून, पण तो दोष गाडीचा नाही). हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं हे मला कळतं. पण फोनवर तू दर दोन वाक्यांनी "ताई, मुद्द्याचं बोल" म्हणतोस, आणि पत्रात तुला तसं म्हणता येत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

या वयात एवढा लांबचा प्रवास एकटीने कशाला, असं म्हणून तू घर डोक्यावर घेतलं होतंस. अरे, तो एकटीने करायचा नव्हताच. मी आणि शिवणवालीने तो कधीपासून ठरवला होता. (तीच ती, आमच्या गल्लीतली. तुझ्या लग्नाचा कोट तिनेच शिवला होता. तो तुला कधी नीट बसला नाही, पण त्यात तिच्या कात्रीचा काही दोष नव्हता, मापं दिल्यानंतर तू जेवत राहिलास.) मी सगळी नोकरीभर भूगोल शिकवला. भिंतीवरच्या नकाशात काठीने एकेक नदी दाखवली, आणि प्रत्यक्षात गावाबाहेरचा ओढा सोडून काही ओलांडलं नाही. तिनेही मशीनवर बसून फक्त समोरची भिंत पाहिली. तेव्हा दोघींनी एकदा गाडीत बसायचं, खिडकी धरायची आणि जिथे रूळ संपून समुद्र लागतो तिथेच उतरायचं, असा बेत होता.

तिकिटं काढली आणि ही बया वरच्या फळीवरचं अस्तर काढायला स्टुलावर चढून पडली. हाड जुळलं. डॉक्टर म्हणतात, आता चाला. पण ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी रोज जाऊन गल्लीतल्या सगळ्या भानगडी तिखटमीठ लावून सांगायचे, आणि ती नुसतं "हं" म्हणायची. धाकट्या, तुला खरं सांगते, मला भीती वाटायला लागली होती. हाडाची नाही, त्या "हं"ची. म्हणून मी ठरवलं की प्रवास रद्द करायचा नाही. ती येत नाही तर गाडीच तिच्या उशाशी न्यायची. आमच्या सकाळी चालणाऱ्या बायकांचा फोनवर गट आहेच, त्यात नर्सबाई आणि बँकवाली अशा दोघी रिकामटेकड्याही आहेत. सगळ्यांनी व्हिडिओवर यायचं, आणि शिवणवालीच्या सुनेने तिचा फोन उशीला टेकवून ठेवायचा, असं ठरलं.

गाडी सुटली. खिडकीखालच्या फळीवर मी फोन काचेला टेकवून उभा केला, त्याची पाठ बाहेर आणि तोंड माझ्याकडे. लांबचा चष्मा लावला, कारण देखावा लांबचा होता. (वाचायचा चष्मा पिशवीच्या तळाशी होता, आणि पिशवी बर्थखाली.) मग मी जो तोंडाचा पट्टा सोडला म्हणतोस! मातीचा रंग इथे का बदलतो, नदी वळण का घेते, टेकड्यांचे माथे सपाट का असतात, काही म्हणून ठेवलं नाही. आणि काय त्या बायकांचं लक्ष! शाळेत माझ्या तासाला मागचे दोन बाक नेमाने झोपायचे. इथे एकही जांभई नाही. नर्सबाई तर सारखी "वा, काय दिसतंय" म्हणत होती. बँकवालीने विचारलं, खाली तो एक काळा दगड दिसतो आहे तो कसला? मला काही दिसला नाही, पण शिक्षिकेने तसं कबूल करायचं नसतं. मी सांगितलं की तो लाव्हारसाचा आहे, फार जुना आहे, आणि आता काही वाढायचा नाही. तिचं समाधान झालेलं दिसलं.

फक्त एका गोष्टीने मला वैताग आणला होता. फोनच्या कोपऱ्यात एका छोट्या चौकोनात कुणीतरी एक बाई येऊन बसली होती. चष्मा लांबचा, त्यामुळे तोंड धड दिसत नव्हतं, पण ते सारखं हलत होतं एवढं दिसत होतं. मी बोलायला लागले की हिची सुरुवात. मी थांबले की ही थांबणार, आणि थांबून काहीतरी खाणार. मला वाटलं, बँकवालीची नणंद असावी. तीच ती, जी कुणाच्या बोलण्यात तोंड घालायचं सोडत नाही. बराच वेळ सोसलं. मग मी शाळेतला आवाज काढला आणि म्हटलं, अहो चौकोनातल्या बाई, जरा दुसऱ्यांनाही बोलू द्याल का, आणि खाताना तोंड मिटून खावं एवढं तरी कळत नाही का तुम्हाला?

मग एक विचित्र आवाज आला, चिरकत, अडखळत, पुन्हा सुरू होत. मला वाटलं गाडीला ब्रेक लागले, म्हणून मी फळी घट्ट धरली. समोर एक दातांचे डॉक्टर बसले होते, ते रुमालात तोंड लपवून हलत होते, तेव्हा त्यांनाही धक्का बसला असावा असं वाटलं.

तेवढ्यात फोनवर निरोप आला. तो वाचायला पिशवी उपसून जवळचा चष्मा काढला (चप्पल त्याच धांदलीत गेली). निरोप शिवणवालीच्या सुनेचा होता. तिने लिहिलं होतं, "मावशी, सकाळपासून कॅमेरा तुमच्याकडेच आहे, आम्हाला बाहेरचं काहीच दिसत नाही. पण आई हसताहेत. आपणहून उठून बसल्या, पाठीला उशी मागितली. फोन बंद करू नका. आणि पाया पडते, फिरवूही नका."

जवळच्या चष्म्यातून मी चौकोनात पाहिलं. ती बाई मीच होते. काळा दगड म्हणजे हनुवटीवरचा तीळ होता. आधी शरमेने कान तापले. मग आठवलं की साखर सोडली असं नर्सबाईला शपथेवर सांगून मी फोनच्या आड क्रीमची बिस्किटं खात होते, आणि तो फोनचा आडोसा नव्हताच. बोट बटणावर गेलं होतं. कॅमेरा फिरवायचा कसा हे तू मला तीनदा शिकवलं आहेस, आणि मला ते पहिल्याच वेळी कळलं होतं. पण तो ब्रेकचा आवाज पुन्हा आला, आणि मी ओळखला. किती महिन्यांनी ऐकत होते! मला रडू आलं. ते सगळ्यांना दिसणार म्हणून डोळ्यात कण गेला म्हणाले, बंद काचांच्या डब्यात.

मग मी बोट काढून घेतलं आणि तास पुढे सुरू केला. थोड्या वेळाने ती मोठी नदी आली, जिच्यासाठी आम्ही दोघींनी ही गाडी निवडली होती. पात्र एवढं रुंद की पलीकडचा काठ दिसेना. डॉक्टर हळूच म्हणाले, आजी, निदान ही तरी दाखवा. मी त्यांच्या तोंडात बिस्किट कोंबलं आणि खिडकीकडे वाकून नदीचं वर्णन केलं, भुवया उंचावून, गाल फुगवून, होड्या दाखवायला हात नाकापुढून नेत. शिवणवाली मधेच ओरडली, "अगं बाई, जवळून दाखव ना!" मी आणखी जवळ गेले. नदी मी एकटीने पाहिली, ती अर्धीच, पण मजा पुरेपूर आली. समुद्रही पाहिला. चांगला आहे, नकाशात असतो तसाच निळा आहे.

पाठ सांभाळ. मुलांना पापा.

तुझी,
ताई

ता. क. नर्सबाईचा तुला फोन आला तर बिस्किटं डॉक्टरांची होती.

ता. क. दुसरा, आणि हाच मुद्दा, एवढा वेळ तू ज्याची वाट पाहतो आहेस तो. आज सकाळी शिवणवालीने आपणहून फोन केला. काठी टेकत दारापर्यंत जाऊन आली होती. माझ्या मनाला लागू नये म्हणून बराच घोळ घालत तिने मला हळुवारपणे सांगितलं की कॅमेरा उलटा होता, आणि म्हणाली, "तुझ्या हातात फोन देण्यात अर्थ नाही, पुढच्या वेळी मी येते आणि मीच धरते." तेव्हा आमच्या दोघींची, खालच्या बर्थची तिकिटं काढून ठेव. ती खात्री करायला तुला विचारेलच. तिला ठामपणे सांग की आमच्या ताईला फोनची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे या जन्मात कळणार नाही. आजवर हे तू सगळ्यांना न विचारता सांगत आलास, आता एकदा माझ्यासाठी सांग.