चष्मा नाही, सही नाही

शनिवार, ३१ ऑगस्ट

गॅलरीत दादा स्टुलावर बसलेला. दोन्ही हात पुढे, मनगटांवर हिरव्या लोकरीची लड. वहिनी समोर बसून गुंडा करतेय आणि मी उंबऱ्यावर टाके मोजतेय. कॉन्व्हेंटातल्या शिवणकामाच्या सिस्टरनी शिकवलं होतं तसं, ओठ न हलवता. मध्येच दादाच्या नाकाला खाज सुटली. हात तर अडकलेले! "ठके, नाक खाजव माझं!" मी टाके सोडायला तयार नाही. शेवटी वहिनीनं बोटाच्या टोकानं हळूच खाजवलं, आणि नेमकी आई बाहेर आली. आई नुसती खोकली. वहिनीच्या हातून गुंडा सुटला तो जिन्यावरून टप्‌टप्‌ करत थेट खाली. दादा हातात लड घेऊन त्याच्यामागे! केवढे हसलो होतो.

त्या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. आज आठवायचं कारण, तिचा फोन आला.

हो, तिचाच. दादा युद्धात बेपत्ता झाला आणि चार वर्षं पुरती होतात न होतात तोच जिनं घड्याळजीशी लग्न लावलं, तिचा. आई गेली तेव्हा दारापर्यंत येऊन गेली होती. त्यानंतर आज.

"काय वन्सं, कशी आहेस?" — जसं काही काल संध्याकाळीच भेटलो होतो. वन्सं! मी कुणाची वन्सं? म्हणाली, डोंगरात जाऊ या दोघी. खिंडीतल्या बोगद्यांचं युद्धसंग्रहालय केलंय. "त्यांच्याच रस्त्यानं जाऊ. फार सुंदर आहे गं. गाडी मी चालवते." मग अगदी सहज — "त्यांची ट्रंक अजून आहे ना?"

आहे बरं! कुठे जाईल? दादा बेपत्ता आहे, मेलेला नाही. कुणी पाहिला मेलेला? दरवर्षी उन्हात घालते सगळं. शर्टांना इस्त्री करते. पट्टा तुटला म्हणून घरी ठेवून गेलेलं घड्याळ आहे. तो सुट्टी संपवून परत गेल्यावर पुरा केलेला हिरवा स्वेटर आहे, अंगाला न लागलेला.

आवळा देऊन कोहळा काढायला निघाली आहे.

सोमवार, २ सप्टेंबर

शेजारच्या नर्सबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांनी कुणी उगाच फिरायला नेत नाही हो. सही हवी असणार. पेन्शन, जागा, काहीतरी. कशावरही सही करू नका!"

संध्याकाळी पुन्हा फोन. "तुला तोंड येणं, हिरड्या सुजणं, असलं काही नाही ना?" हा काय प्रश्न झाला? म्हातारीचे दात मोजतेय की काय! घोडा विकत घेतानाच बघतात दात.

कुठेतरी पाणी मुरतंय नक्की.

मंगळवार, ३ सप्टेंबर

जाणार आहे. तिच्यासाठी नाही. दादा ज्या रस्त्यानं पीठ आणि रॉकेल ट्रकनं वर पोचवायचा तो रस्ता मी अजून पाहिलेला नाही, आणि एकटीनं तिथवर जाणं आता माझ्यानं व्हायचं नाही.

ट्रंकेला कुलूप. किल्ली रुमालात, रुमाल पोलक्यात.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

वाचायचा चष्मा मुद्दाम घरी ठेवलाय. चष्मा नाही, सही नाही! ही युक्ती माझीच. फक्त आता इथे लिहिताना अक्षर भोपळ्याएवढं येतंय आणि ओळी उताराला लागल्यात. असू दे.

सकाळी दारात गाडी. ती उतरली. केस पांढरेशुभ्र, डोक्यावर मुलांसारखी टोपी, पायांत कॅनव्हासचे बूट. मिठी मारायला पुढे झाली, मी पिशवी पुढे केली. तिनं पिशवी घेतली.

"घड्याळजी नाही आले?" मी विचारलं.

"दुकान कोण बघणार? आणि आपण दोघींनीच जायचं ठरलंय ना."

कधी ठरलं? कुणी ठरवलं?

गाडी मात्र छान चालवते. दादानंच शिकवली होती, कॉन्व्हेंटमागच्या मैदानात. मी मागच्या सीटवर. आज पुढे बसले. तिला हाक मारायचं टाळते आहे. वहिनी म्हणवत नाही, नाव घेववत नाही. 'ऐक ना'वर भागवते.

पेट्रोलपंपावर मी गाडीत आणि ती लांब जाऊन फोनवर. वारा माझ्या बाजूचा होता. "हो, सख्खी बहीण. एकच. नाही, दुसरं कुणी नाही. तिला अजून काही बोलले नाहीये."

एकच. दुसरं कुणी नाही. वारसांचीच भाषा ही! परत आली तर हातात संत्री. "सोलून देऊ?"

"माझी मी सोलते," म्हटलं.

शनिवार, १४ सप्टेंबर

आज घाट. खरं लिहायचं तर असं मी जन्मात काही पाहिलं नव्हतं. खाली नदी, सुईत ओवलेल्या दोऱ्याएवढी. वर देवदारांचं रान, त्याच्यावर उघडा दगड, आणि अगदी टोकाला पांढरं. दर वळणावर ऊन बाजू बदलतं. दादा हे रोज बघत होता! की बघायला सवड नव्हती?

वळणांना नावं आहेत. युद्धाच्या वेळी ट्रकवाल्यांनी ठेवलेली. आता सरकारनं त्याच नावांच्या पाट्या लावल्यात. माझं वाचून होईपर्यंत पाटी मागे पडायची, तीच वाचून दाखवत होती. "सासूचं वळण." पुढे, "आई गं!" मग, "बायकोला सांगू नका." मला हसू आलं. मग राग आला, की हिच्यासमोर हसले.

दुपारी चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाली बाई तिला बघून फडकं टाकून धावत आली. "या ताई! परत आलात? या खेपेला एकट्या नाही ना?"

परत?

गाडीत बसल्यावर विचारलं, "आधी येऊन गेलीयेस तू इथे?"

"हो. चार वर्षांपूर्वी."

"कशाला?"

"वळण आहे, ठके. बोलायला लावू नकोस."

वळण होतंच, ते खोटं नाही. पण त्यानंतर सरळ रस्ता लागला तरी गप्पच. आणि मला ठकी म्हणायचा हक्क तिला कुणी दिला? तो दादाचा.

विश्रामगृहात मुक्काम. खोली एकच, खाटा दोन, खिडकीतून समोर खिंड. खाली टेबलाशी तिनं आमची नोंद लिहिली. कारकुनानं मोठ्यानं वाचून खात्री केली. "सोबत कोण, नणंद ना?"

"नणंद," ती म्हणाली.

लग्न दुसऱ्याशी, नणंद मात्र माझी! याला काय म्हणावं?

सिस्टर म्हणायच्या, दुसऱ्यावर संशय आला की आधी आपले हात धुऊन बघावेत. धुतले. पाणी बर्फासारखं होतं. संशय गेला नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

रात्र बरीच झालीय. तरी लिहिते.

सकाळी बोगद्यांत गेलो. डोंगराच्या पोटात कोरलेली कोठारं. ओल, मातीचा वास, ओळीनं पिवळे दिवे. एका कोनाड्यात पिठाची पोती रचलेली, एकात रॉकेलचे डबे. वाटलं, आत्ता दादा ओरडेल, हात लावू नकोस, कपड्यांना वास लागेल. शेवटी भिंत. नावांची. मला नुसत्या रेघा दिसत होत्या. ती एकेक वाचत गेली. पडलेल्यांची, मग बेपत्ता. दादाचं नाव वाचताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मनात म्हटलं, सराव आहे बाईंना.

नंतर कळलं, सरावच होता.

बोगद्याबाहेर आल्यावर ती स्मारकाकडे न वळता मागच्या बराकीकडे निघाली. "इथे दोन मिनिटं." आत टेबल, स्टोव्ह, लष्करी डॉक्टर — कोवळी मुलगी, मी वाचनालयात होते तेव्हा पुस्तक बदलायला मुली यायच्या तसली. उठून उभी राहिली. समोर एक कागद सरकवला. "इथे आपली सही लागेल."

मी म्हटलं, "माझा चष्मा घरी राहिलाय."

जिंकल्यासारखी बघत होते मी तिच्याकडे. देवा!

तिनं आपल्या गळ्यातला चष्मा काढला आणि माझ्या नाकावर ठेवला. दोन्ही काड्या नीट कानांमागे बसवल्या, लहान मुलाला घालतात तसा. नंबर बरोब्बर लागला.

"वाच. मग हवं तर नाही म्हण. मी रागावणार नाही."

वाचलं. दोनदा वाचलं. दादा बेपत्ता झाला त्या वर्षी एकाच दिवशी, एकाच कड्याखाली, बर्फात तीन ट्रक गेले होते. पहिला चार वर्षांपूर्वी सापडला. दुसरा या उन्हाळ्यात, रस्ता रुंद करताना. आत एक जण होता. ओळख पटायला काही उरलेलं नव्हतं. गालाच्या आतून कापूस फिरवून घ्यायला माझी संमती हवी होती.

"तुझी ट्रंक नको गं मला," ती म्हणाली. "तुझ्या गालातला कापूस हवाय. बायकोचं त्यात काही चालत नाही. रक्त लागतं. लग्नं मी दोन केली, पण त्यांचं रक्त तुझ्याकडेच आहे."

मला आधी काय सुचावं? म्हटलं, "म्हणून हिरड्या विचारल्यास!"

"डॉक्टरांनीच विचारायला सांगितलं होतं. तुला काय वाटलं?"

"वाटलं, दात बघून किंमत करतेस."

ती हसायला लागली. टोपी पडली तरी हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी. डॉक्टर मुलगी बिचारी कापसाची काडी हातात धरून उभी.

फोनवर का सांगितलं नाही, विचारलं. "आली असतीस?" नसते आले. त्याला मेलेला ठरवायला निघालीस, म्हटलं असतं. "पहिला ट्रक निघाला तेव्हा एकटीच आले होते. त्यातल्या दोघांच्या बिल्ल्यांवरून कळलं की तुझा दादा त्यांत नाही. जाताना रडले, येतानाही रडले, गाडी कशी चालवली माझं मला ठाऊक. या वेळी म्हटलं, वन्संना घेऊन जाऊ."

सही केली. तिच्या चष्म्यातून.

मग वस्तू दाखवल्या. एक चमचा, पट्ट्याचं बक्कल, एक बूट. मी बघत राहिले. चमचा कुणाचाही असतो! चाळीस वर्षं सगळं जपणारी मी, आणि दादाच्या पायाचा नंबर मला ठाऊक नव्हता. आहे तो ट्रंकेतल्या बुटांवर छापलेला, कधी वाचला नाही. तिनं बुटाच्या तळव्यावरून अंगठा फिरवला. "त्यांना आठ नंबर लागायचा. हा नऊ वाटतो." डॉक्टर हळूच म्हणाली, दोन मोज्यांवरून चढवायचा म्हणून मोठे देत. म्हणजे होही नाही, नाहीही नाही. सहा आठवडे लागतील.

बाहेर ऊन पडलं होतं. कड्याखाली पिवळी यंत्रं उभी, रविवार म्हणून बंद. दोघी दगडावर बसलो. तिनं संत्रं सोललं. मी घेतलं.

सोमवार, १६ सप्टेंबर

उतरतोय. वळणांच्या पाट्या या बाजूनं उलट क्रमानं येतात. सासूचं वळण सगळ्यात शेवटी.

तिला विचारलं, लग्न का केलंस? इतकी वर्षं विचारलंच नव्हतं. म्हणाली, "मी फार दिवस दाराकडे बघत होते, ठके. घड्याळजी समोरच्या दुकानात बसायचे. एक दिवस म्हणाले, बघायचंच आहे तर बसून बघा, आणि खुर्ची आणून दिली. चहा दिला. बस, एवढंच."

किल्ली पोलक्यात टोचत होती, ती काढून पिशवीत टाकली.

बुधवार, २ ऑक्टोबर

नर्सबाई म्हणाल्या, "केलीत ना शेवटी सही? सांगितलं होतं!" त्यांना काही समजावलं नाही. संशय हा त्यांचा विरंगुळा आहे. माझाही होता.

रविवार, १३ ऑक्टोबर

प्रार्थनेला बसते आणि अडते. काय मागू? तोच असू दे? म्हणजे मेला असू दे. नसू दे? म्हणजे अजून त्या बर्फात, तिसऱ्या ट्रकमध्ये. की अजूनही कुठेतरी... छे. चाळीस वर्षं मी 'कुठेतरी'वर काढली. पांढऱ्या केसांचा दादा मला एकदाही डोळ्यांसमोर आणता आला नाही, हे आज प्रथमच ध्यानात आलं.

शनिवार, १९ ऑक्टोबर

ट्रंक उघडली. शर्टांना इस्त्री केली नाही. बुटांवरचा नंबर चष्मा लावून वाचला. आठ.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

वहिनीचा फोन आला. "ठके, आपला नाही गं तो."

कुणाचा, तेही कळत नाही. रक्ताचं कुणी उरलेलं सापडलं नाही. बर्फ लागायच्या आत, रविवारी खिंडीतच पुरणार आहेत. भिंतीवरची रेघसुद्धा कोणती त्याची, कुणाला ठाऊक नाही.

लिहून ठेवते, म्हणजे उद्या मन फिरणार नाही.

घड्याळ: घड्याळजींना. नवा पट्टा लावून चालू करावं, आणि मग त्यांनीच वहिनीच्या मनगटावर बांधावं.

दाढीचा आरसा, कंगवा: वहिनीला. कधीच द्यायला हवे होते.

शर्ट: नर्सबाईंच्या वॉर्डात, ज्यांच्याजवळ अंगावरचंही काही नसतं त्यांना. बूट ज्याला आठ नंबर होईल त्याला.

ट्रंक: रिकामी, मला. रजया ठेवीन.

हिरवा स्वेटर: त्या मुलाला, जो आपला निघाला नाही. मी आणि वहिनी उद्या शुक्रवारीच निघतोय, चष्मा बरोबर घेतलाय. पेटी बंद करण्याआधी त्याच्या अंगावर घालू द्यावा, एवढंच त्या डॉक्टर मुलीला सांगायचं. चाळीस वर्षं थंडीत होता तो.