करमाडला दिलेली साक्ष

पप्पा, येत्या नाताळानंतर तुम्हाला जाऊन आठ वर्षं होतील आणि मी तुमच्यावर रागावले आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे उगाच गोड बोलायला नको. जुना राग धाकट्यावर होता. तो कधी गेला आणि त्याच्या जागी हा तुमच्यावरचा का येऊन बसला, मला खरंच कळत नाही.

शेवटचे दहा दिवस तुम्ही अंथरुणाला खिळलात आणि धाकट्यानं, माझ्या सख्ख्या भावानं, मला कळवलं नाही. तुम्ही दोघं करमाडला, मी शहरात, असं कितीसं अंतर? फोन आला तो सगळं संपल्यावर. दफनविधीला मी त्याच्याशी बोलले नाही, नंतरही नाही. त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला. इकडे चर्चमध्ये मात्र मी महिला मंडळाची पुढारी. दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा, तिथं साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यात काय बदल केला ते उभं राहून चारचौघींना सांगायचं. एका गुरुवारी कुणी उठेना. सभा पडू नये म्हणून मी उठले आणि म्हणाले, प्रभूनं मला माझ्या भावाला क्षमा करायला शिकवलं. कुठून सुचलं, देव जाणे. बायका डोळे पुसायला लागल्या. पाळकसाहेबांनी रविवारी पुन्हा सांगायला लावलं, मग खुलताबादच्या सभेत, मग आणखी कुठं कुठं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, मला चांगलं जमायला लागलं. सांगता सांगता मलाही खरं वाटू लागलं. नंबर तेवढा ब्लॉकच होता.

तुम्ही जन्मात कधी साक्ष दिली नाहीत. मला त्याची लाज वाटायची. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात रोग्यांची पेज आणि खिचडी रांधण्यात तुमची सारी हयात गेली, आणि पाळकांनी बोलायला सांगितलं की तुम्ही हात जोडून नुसतं "बरं चाललंय" म्हणून खाली बसायचात. पण एक सकाळ आठवते. मी पाचवीत असेन, तुमचा डबा घेऊन आले आहे, आणि स्वयंपाकघरात करपल्याचा वास भरला आहे. दुसरा आचारी म्हणतोय, वरवरची काढून वाढू, आजारी माणसाला कुठली आलीय चव. तुम्ही हात पुसता आणि निघता. एकेका वॉर्डच्या दारात उभं राहून सांगता, "पेज करपली. माझ्यानं करपली. नवी टाकलीय, जरा थांबा." एक म्हातारा तुम्हाला वाट्टेल ते बोलतो, तुम्ही ऐकून घेता. मी दाराआड लपलेली. घरी येताना मी विचारलं, कुणाला कळलं नसतं, मग कशाला सांगितलंत? तुम्ही म्हणालात, "खाणाऱ्याला कळतंच की." मला तेव्हा ते काही पटलं नव्हतं.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात सभा करमाडलाच ठरली. धाकटा त्या वेळी कंपनीत असतो आणि भावजय अशा सभांना जात नाही, ही माहिती मी आधीच काढली होती. किती हुशार बघा मी. साक्ष रंगात आली आणि मागच्या सतरंजीवर भावजय बसलेली दिसली. तरी मी थांबले नाही, शेवटपर्यंत सांगितली. चहाच्या वेळी ती जवळ आली.

"ताई, माफ केलं ना तुम्ही? मग चला की. घर इथंच हाय, मागच्या गल्लीत."

मी गाडीची घाई सांगितली. तिनं माझा हात धरला. "ह्यांनी नाय लपवलं ओ. पप्पांनीच शपथ घातली. म्हणले, तिला कळवू नका, तिचा नाताळ होऊ द्या. इतकं लौकर व्हईल, आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं?"

त्या रविवारी प्रभुभोजन होतं, प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा; मनात खोट असली तर घेऊ नये म्हणतात. पेल्यांचा ट्रे माझ्यापाशी आला आणि मी पेला न घेता तो पुढे सरकवला. शेजारची बघतच राहिली. गुरुवारी मी उठले. नीट बोलायचं ठरवून गेले होते, पण तोंडातून निघालं ते एवढंच, की माझी साक्ष खोटी होती, करपली, माझ्यानं करपली. कुणी रडलं नाही. मंडळाचं काम आता दुसऱ्या बाईकडे आहे, मी मागे बसते. माझ्या प्रार्थना केवढ्या लांबलचक असायच्या, आता "प्रभू, मला काही कळत नाही" इथंच संपतात. आणि गंमत म्हणजे, आताच कुणीतरी ऐकतंय असं वाटतं. पाळकसाहेब म्हणतात, तुमचा विश्वास वाढतोय. पण त्यांना माझी खोटी साक्षही फार आवडली होती, म्हणून त्यांच्यावर किती भरवसा ठेवू?

करमाडला जाऊन आले. धाकट्यानं दार उघडलं, म्हणाला, "आलीस? बस." केस पिकलेत त्याचे. नळाला पाणी किती दिवसांनी येतं यावर आम्ही तासभर बोललो. क्षमेचा विषय कुणी काढला नाही. कुणी कुणाला करायची, हेच मला ठरवता येईना. येताना माझं मन हलकं झालं का? झालं असावं. नक्की नाही सांगता येत.

गेल्या रविवारी पेला घेतला. घ्यायला नको होता बहुतेक, कारण एक गोष्ट मी ना धाकट्याला सांगितली, ना गुरुवारच्या बायकांना. त्या डिसेंबरात तुमचा फोन आला होता. मी नाताळच्या कार्यक्रमाच्या तालमीत होते, देवदूत झालेल्या मुलींच्या पंखांना चमकी लावत. तुम्ही विचारलंत, कधी येतेस, जरा बसायचं होतं तुझ्यापाशी. आवाज खोल गेलेला होता. मला तो कळला होता, पप्पा. तरी मी म्हणाले, "पप्पा, नाताळ होऊ द्या."