राखणरोल

तीर्थस्वरूप वासूदाजींना, गुंदहून तुमचा मेहुणा महाबळेश्वर याचा (गुडघे वाकत नाहीत म्हणून) उभ्याउभ्याच नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? आक्काची बडबड कशी आहे? दोन्ही थांबणाऱ्यातले नाहीत, तरी विचारायची पद्धत आहे.

पत्रास कारण की, तुमच्या मेहुण्याची कला अखेर जगाने ओळखली. जोयडा तालुक्यातला पहिला रॉक अँड रोलवाला मी (दुसरा कुणी झालाच नाही, म्हणून शेवटचाही मीच). मी गिटार नि तुम्ही ढोल घेऊन बसलो की लोक चहाला उठायचे. एकदा तर ढोल ठेवून तुम्हीसुद्धा उठलात. तर मागल्या आठवड्यात दिग्गीचा कान्हू विडा-नारळ घेऊन दारात हजर. "मामा, तुमचं त्ये राखणरोल आमच्याकडं वाजवाय पायजे." मला वाटलं, जत्रा असणार. उच्चाराकडे काणाडोळा केला. कलावंताने मन मोठं ठेवावं. ट्रंकेतली बेलबॉटम काढली (बटण लागेना, तेव्हा आमच्या सौ. भाग्यलक्ष्मीने सुतळी बांधून दिली) आणि दिग्गी गाठली. बघतो तर स्टेज नाही, मंडप नाही. पिकलेलं भात, मधोमध राखणीचा माळा, नि कडेच्या झाडांवर वानरं. कान्हूला हवा होता राखणदार, आणि माझ्या कलेचं नाव त्याला राखणीतलंच वाटलं होतं!

तसाच माघारी फिरणार होतो, पण विडा घेऊन बसलो होतो ना. माळ्यावर कसाबसा चढून तारा जुळवायला लागलो, तोच वानरं पसार. अजून गाणं सुरू व्हायचं होतं, दाजी! "बास मामा, गाऊ नगा," कान्हू खालून ओरडला, "कापाय आलेल्या बायाबी पळतील!" एवढा गुण अंगात असून मी तो जन्मभर माणसांपुढे वाया घालवला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आता रोज सकाळी माळ्यावर असतो. आक्काला सांगा, भाऊ कामाला लागला.

तुमचा
महाबळेश्वर

ता. क. ढोल घेऊन ताबडतोब यावे. वानरांना गिटारची सवय होत चाललीय, कान्हू कुरकुरतोय.

आणखी एक ता. क. ढोल राहू द्या, नुसते या. एक म्हातारं वानर पळतच नाही. बांधावर बसून ऐकतं, आणि मी थांबलो की मगच लोंबीला हात घालतं. कान्हूला कळलं तर माझी राखण जाईल, पण मला ते हाकलवत नाही. तुम्ही त्याच्याशेजारी बसा. फक्त मधेच चहाला उठू नका. ते उठत नाही.