आधी आत्याची साडी

पुणे, रविवार

प्रिय अण्णा,

तू पाठवलेला हक्कसोडपत्राचा मसुदा मिळाला. सोबतची साडीही मिळाली. साडी चांगली आहे. खोक्यावर मॉलमधल्या दुकानाचं नाव आहे, ते निदान झाकायला हवं होतंस. अख्ख्या जिल्ह्याला साड्या विकणाऱ्या घरातली मुलगी त्या घरावरचा हक्क सोडणार, आणि तिला साडी दुसऱ्याच्या दुकानातली. मसुद्याबद्दल शेवटी लिहिते. फोनवर तू 'अगं, ऐक तर' म्हणतोस आणि मग मी ऐकतच राहते, म्हणून हे पत्र.

गेल्या आठवड्यात सोलापूरला येऊन गेले. तुला कळवलं नाही. नवी पेठेत आपल्या दुकानासमोर उभी राहिले. पाडण्यासाठी हिरवी जाळी लावली आहे. अज्जांनी दर्शनी भिंतीवर सिमेंटात करून घेतलेल्या 'चनमल्लप्पा आणि सन्स'पैकी जाळीबाहेर फक्त 'आणि सन्स' दिसतं. मी फोटो काढला नाही.

वॉचमनने आत जाऊ दिलं. तळमजल्यावर छत्र्या, ट्रंका, सूटिंगचे तागे आणि खेळण्यांची काचेची कपाटं असायची. तिथं आता सिमेंटची पोती आहेत. लिफ्टचं जाळीचं दार तारेनं बांधलंय. सोलापुरातली पहिली लिफ्ट म्हणून अप्पा सांगायचे, मी ते कधी तपासलेलं नाही. लिफ्टवाला मडिवाळप्पा आठवतो? खेड्यातून आलेल्या बायका लिफ्टमध्ये एकमेकींचा पदर धरायच्या आणि हा म्हणायचा, "मावशी, डोळे उघडा की. इमान न्हाय हे, पहिल्या मजल्यापर्यंतच जातंय." पाडव्याच्या पूजेला अप्पांनी तुला टोपी घालून गल्ल्यावर बसवलं. मीही बसते म्हटलं, तर म्हणाले, "तू जा, लिफ्टमध्ये फिर." मी दिवसभर फिरले. वरच्या खोलीत लिफ्टचं मशीन कसं चालतं तेही त्याच दिवशी पाहिलं. आज मी लिफ्टची इंजिनिअर आहे, त्यामुळे त्या रागाचा मला पगार मिळतो. हे पत्र त्या रागाचं नाही.

पहिला मजला साड्यांचा, म्हणजे आत्याचा होता. लग्नाचा बस्ता बांधायला अक्कलकोटकडून, करकंबकडून माणसं जीप भरून यायची आणि पांढऱ्या गाद्यांवर पसरायची. आत्याचा एक नियम होता. नवरीचा शालू ती सुरुवातीला दाखवायचीच नाही. आधी नवरीच्या आत्याची साडी निघाली पाहिजे, मग बाकीचं. करकंबचा एक मामा एकदा चिडला होता. "ताई, आदी शालू काढा की. आत्याचं काय येवढं, ती घरचीच हाय." आत्या ताग्यावरची नजर न काढता म्हणाली, "घरची हाय म्हणूनच तिचं ऱ्हातंय, मामा. शालू कुणी इसरत न्हाय. बसा, चहा येतोय." मामा बसला. सगळेच बसायचे. मांडवात होणारी निम्मी भांडणं तिनं त्या गादीवरच मिटवली असतील.

आणि तिचं स्वतःचं काय झालं ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. नवरा गेल्यावर ती परत आली. अज्जांनी तिला गच्चीवर, लिफ्टच्या मशीनशेजारची खोली दिली. अज्जा गेल्यावर अप्पांनी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि एक इरकल साडी दिली. ती इरकल तिनंच तिच्या मजल्यावरच्या कपाटातून काढली, घडी बघितली आणि अप्पांच्या हातात दिली, त्यांनी तिला द्यावी म्हणून. लहानपणी ही गोष्ट ऐकून आपण हसायचो. आत्याही हसायची.

सोलापुरातून मी एसटीने बार्शीला गेले. 'आत्या हवापालटाला बार्शीला गेलीय, पाव्हण्यांकडे' असं तू मला सांगितलं होतंस. पाव्हण्यांचा पत्ता तू देईनास, म्हणून मडिवाळप्पाच्या मुलाला विचारला. तो वृद्धाश्रमाचा निघाला. लांबट खोली, ओळीनं कॉट, खिडकीजवळची तिची. मला बघून तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा: "दुरुस्ती झाली का गं?"

मला कळेना. मग तीच तुझं नाव घेऊन सांगू लागली. "शिवराज म्हणाला, रुद्राणीनं बिल्डिंग तपासलीय, खांब गेलेत म्हणाली. दोन महिने दुसरीकडं राहायला लागंल. तू म्हणालीस म्हणून उठले बघ. न्हाईतर त्याचं ऐकून मी तितनं हलले असते व्हय?" आणि शेजारच्या कॉटवरच्या बाईंना तिनं माझी ओळख करून दिली. "ही आमची इंजिनिअर."

अण्णा, मी लिफ्ट तपासते. इमारतीचे खांब तपासत नाही. त्या इमारतीबद्दल मला कोणी काही विचारलं नाही आणि मी काही म्हटलेलं नाही. एखादी लिफ्ट सुरक्षित आहे असं मी लिहून दिलं की माणसं तिच्यात पाय ठेवतात. माझ्या नावाचा उपयोग एवढाच आहे, आणि तो मी फार जपून करते. तू ते नाव घेतलंस आणि त्यावर पाय ठेवायला लावून एका म्हातारीला तिच्या खोलीतून खाली उतरवलंस.

आता मसुदा. दुकानातलं मला काहीही नको होतं. तू साडी पाठवली नसतीस तरी मी सही केली असती, अजूनही करीन. पण बिल्डर तुला दोन फ्लॅट आणि गाळा देतोय. त्यातला एक फ्लॅट आत्याच्या नावावर होईल, तोंडी नाही, नोंदणी करून. तो बांधून होईपर्यंत ती माझ्याकडे पुण्याला राहील. दुरुस्ती नव्हती, मी काही तपासलं नव्हतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. 'होईल गं' एवढंच म्हणाले आणि बाहेर आले. खोटं तुझं आहे, ते तूच तिच्यासमोर बसून सांगायचंस. गुरुवारी तू मला निबंधक कार्यालयात बोलावलं आहेस. मी तिथं येणार नाही, मी बार्शीला असेन. तूही तिथंच ये आणि तुझी ती साडी घेऊन जा, ती मी बरोबर आणते आहे. आपल्या दुकानात आधी कोणाचं निघायचं, ते तुला माहीत आहे. ते निघालं की माझी सही.

अजून तरी तुझीच,
रुद्राणी