आक्काची ओली मटकी

अप्पा, आक्कानं "पोरीनं खाल्ली का मटकी?" असं विचारलं, तेव्हा "खाल्ली की" असं खोटं तुम्ही का सांगितलंत? तिला वाईट वाटू नये म्हणून, की तुमची तुम्हालाच लाज वाटली म्हणून? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. मी शिकले, आपल्या घरातली पहिली पदवी मी आणली, पण या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही.

तुम्हाला तो प्रसंग आठवला नसता कदाचित. मला आठवतो, कारण मी मोठ्या तापातून उठले होते आणि दुकानामागच्या खोलीत पडद्याआड खाटेवर पडून दिवसभर दुकान ऐकत होते. आक्का आपल्याच दुकानातून मटकी न्यायची, घरी मोड आणायची आणि टोपली घेऊन गल्लोगल्ली विकायची. त्या दिवशी ती ओल्या फडक्यानं झाकलेला डबा घेऊन आली. "मालक, पोरीसाठी आणलीया. डागदरनं मोडाचं कढण द्या म्हणून सांगितलंय म्हणं." तुम्ही म्हणालात, "बरं केलंस आक्का. ठेव तिथं." तिनं डबा पायरीवर ठेवला. फळीवर ठेवला नाही, आणि तुम्हीही तो वर ठेव म्हणाला नाहीत. ती गेल्यावर तुम्ही तो उचलून शेजारच्या म्हशीपुढं रिकामा केलात, घासला, पुसला आणि नव्या पोत्यातली निवडक मटकी त्यात शिगोशीग भरून ठेवलीत. दुसऱ्या दिवशी ती डबा न्यायला आली आणि तिनं विचारलं. तुम्ही उत्तर दिलंत. पडद्याच्या फटीतून तुमची नजर माझ्याकडं वळली आणि लगेच तराजूकडं गेली.

आपल्या घरात आक्काकडचं कोरडं चालायचं. तिनं आणलेला वरण्याच्या शेंगांचा वाळका दाणा सरळ स्वयंपाकघरात जायचा, त्याची आमटी तुम्ही मागून मागून प्यायचा. त्याच दाण्याला तिच्या घरचं पाणी लागलं की मात्र उंबऱ्याच्या आत येता येत नसे. हा नियम कोणी मला सांगितला नव्हता. घरात कुठली वस्तू कुठं ठेवतात हे जसं मुलांना आपोआप कळतं, तसं ते मला कळलं होतं.

त्याच दिवसांतलं दुसरंही आठवतं, म्हणून तर मला नीट रागावता येत नाही. डबा म्हशीपुढं गेला त्याच संध्याकाळी तुम्ही स्वतः मटकी भिजत घातलीत. आईला हातही लावू दिला नाहीत. सकाळी ती उपसून तुमच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गच्च बांधलीत. पण थंडी कडाक्याची होती, दिवसभरात मोड काही दिसेनात. मग तुम्ही ते गाठोडं शालीखाली पोटाशी धरून दुकानात बसलात. गिऱ्हाईक यायचं, तुमच्या पोटाकडं बघायचं. "काय अप्पा, कितवा म्हैना?" "भरत आलंय पावणं, तुमची साखर घ्या आन् वाट सोडा." सगळं दुकान हसत होतं आणि मी पडद्याआड हसून हसून खोकत होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही आत आलात, गाठोडं माझ्या गालाला लावलंत. आतून ते कोमट होतं. "बघ, गरम लागतंय न्हवं? जित्ती हाय ती." फडक्याच्या विणीतून पांढरी टोकं बाहेर आली होती. त्या कढणाची चव अजून जिभेवर आहे.

कॉलेजात गेल्यावर मला वाटलं, आता सगळ्याचा उलगडा होईल. जातीच्या शिवाशिवीतल्या कोरड्या आणि ओल्या शिध्याबद्दल आम्हाला वर्गात शिकवलं, तेव्हा मला पायरीवरचा तो डबा आठवला. परीक्षेत त्यावर पानं भरून लिहिलं, मार्कही चांगले पडले. जे लिहिलं ते खरंच होतं. पण पोटाशी गाठोडं धरून बसलेले तुम्ही त्या उत्तरात कुठं बसत नव्हता.

परवा तुमचं पुण्यस्मरण झालं. दर वर्षी तुमच्यापुढं मटकीची उसळ ठेवतो, आणि मटकी घरीच भिजवतो. यंदाही मी भिजवली होती. सकाळी फडकं सोडलं तर मोड छान बोटाच्या पेराएवढे, ताजे, कुठं वास नाही. तरी मी पिशवी घेऊन कोपऱ्यावर गेले. आक्का आता फिरत नाही, गुडघे धरतात, तिथंच पोत्यावर बसून विकते. म्हटलं, "आक्का, मटकी दे. अप्पांच्या निवदाला पाहिजे." तिचा हात टोपलीतच थांबला. "माजी मटकी? तुज्या बाच्या म्होरं? अगं बया, फोटोतनं खाली उतरंल की त्यो!" आणि पदर तोंडाला लावून ती पोटभर हसली. म्हणजे तिला माहीत होतं. अप्पा, तेव्हापासून तिला माहीत होतं, आणि तरी पुढं कितीतरी वर्षं ती तुमच्या दुकानात मटकी न्यायला येत होती, तुमची चौकशी करत होती. हसणं थांबल्यावर तिनं पिशवी भरली आणि नुसतं म्हणाली, "तेल जरा सैल हातानं घाल. त्याला तसंच आवडायचं म्हणं."

घरी आईनं कट्ट्यावरची दोन्हीकडची मटकी बघितली. "आपलीला मोड आलं न्हाईत व्हय?"

"आलेत की. पण ही आक्काची आहे. हीच करणार आहे."

मला वाटलं, आता म्हणेल, आजचा दिवस तरी नको, हवं तर उद्या कर. तिनं तसं म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, ठाऊक नाही. ती लसूण घेऊन खाली बसली आणि सोलायला लागली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, वहीतच राहील. तुम्ही रागावला असता की नाही, तेही मला सांगता येत नाही. एवढं मात्र कबूल करते की ताट मांडताना फोटोतल्या तुमच्या कपाळावरच्या विभूतीपर्यंतच मान वर केली, डोळ्यांकडं बघायचं धाडस झालं नाही. उसळ आक्काच्या मटकीची होती. ती तुमच्यापुढं ठेवली, हात जोडले, आणि मग त्याच ताटात आई आणि मी जेवलो.